बंदूकवाल्याच्या नावाचा चाकू

निपाणी, मंगळवार, दिवेलागण

आप्पांना तंबाखूचे देठ छाटायला मी घडीचा चाकू आणला. पात्यावर बंदुकीच्या कंपनीचं नाव, त्यालाच भुलले. आज चाकूच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली. चाकू दुसऱ्याच कुणी बनवलाय, बंदूकवाल्यांचं फक्त नाव. आधी का नाही वाचलं? घरात वाचता येणारी मी एकटीच.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "पयल्याच देठाला कळलंतं गं. धार मुडपली. पण गल्लीत समद्यांना दावून झालंय, गप बस."

छाटायला त्यांनी जुना विळाच घेतला. चाकू खिशात.

शेजारचे अण्णा उद्या मला तसाच चाकू मागवायला सांगणार आहेत. बारीक अक्षरं वाचून दाखवली, तर आप्पांचं हसं होईल. नाही दाखवली तर?

डबी उंबऱ्यापाशी ठेवलीय. सकाळी अण्णा आले की वाचून दाखवायचं, मला मागं फिरता येऊ नये.