पाय द्यायची रांगोळी

चौबे कॉलोनी, रायपूर
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप कौमुदीताईले,

धाकट्या अनंताचा नमस्कार, पण उभ्यानंच. साष्टांग या खेपेले घालत नाही, कारण गणपतीत एक घातला त्यानं जी कंबर धरली ती अजून सोडून नाही राहिली. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर? (गोड बंद केलं असं भाऊजी मले सांगतात, आणि तुझा पराग फोनवर वेगळंच सांगतो. मी मधात पडत नाही.) वर्ध्याले थंडी पडली असंल. इथं आम्ही सुखरूप आहो, म्हणजे मीरा सुखरूप आहे आणि मी पट्टा बांधून आहो. कंबर कशी धरली ते तुले कोणी दुसऱ्यानं सांगण्याआधी मीच सांगतो. तू पाणी पिऊन बस.

माझी आणि मीराची एकुलती एक पोरगी श्रावणी कॉलेज संपल्यापासून घरीच बसून होती. बसून म्हणजे कॉम्प्युटरसमोर. तिले अहमदाबादले जाऊन एक नवीन प्रकारची चित्रकला शिकायची होती. यात चित्र भिंतीवर मुकाट्यानं लटकत नाही, ते पाहणाऱ्याले ओळखते. तुम्ही हलले की ते हलते, तुम्ही हात पसरला की ते रंग बदलते. (म्हणजे भाऊजींच्या अगदी उलट. तू कितीही हलवलं तरी ते पेपरातून मान वर काढत नाहीत.) आता त्या अहमदाबादवाल्यांची अट अशी, की असं एक चित्र स्वतः बनवा, खरीखुरी माणसं त्याच्याशी खेळून राहिली आहेत असा व्हिडिओ काढा, आणि अनंत चतुर्दशीच्या आत पाठवा. व्हिडिओ नाही तर अॅडमिशन नाही.

यासाठी आमच्या पोट्टीनं आधी एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात सगळं लिहून सांगा लागे आणि एक स्वल्पविराम हुकला की सारी स्क्रीन काळी, आमच्या रेल्वे डिव्हिजनच्या साहेबापेक्षा कडक. मग दुसरं घेतलं. त्यात पडद्यावर नुसते डबे मांडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्यात वायर ओढायची. एका डब्यात कॅमेरा, एका डब्यात रंग, एका डब्याचं काम एवढंच की ‘पाय पडला का?’ असं विचारत राहायचं, आणि शेवटचा डबा प्रोजेक्टरले जोडलेला. वायरी पाहिल्या आणि माझ्यातला रेल्वेचा सिग्नलवाला खडबडून जागा झाला. सारी नोकरी वायरी जोडण्यात गेली, मले काय सांगता! एक दिवस ती जेवायले उठली, तर मी बसून तिच्या त्या एकमेकीवर चढलेल्या वायरी छान सरळ करून ठेवल्या. परत येऊन पाहते तर काय, उभं राहावं तिथं अंधार आणि पायाखाली उमलायची फुलं उमलून राहिली उघड्या दारातून थेट स्वयंपाकघरात, मीराच्या पोळपाटावर! पोट्टी ओरडली, “पापा, आप कुछ भी टच मत किया करो!” (ती मराठी सारी समजते, पण रागावते हिंदीत.) मग तिनं एक बटण दाबलं आणि सगळं जसंच्या तसं मागं आलं. ताई, असं मागं घ्यायचं बटण माणसाच्या जिभेले काहून नाही?

हे विचारतो, कारण त्याच आठवड्यात मी ताठ्यात घरी जाहीर करून बसलो होतो, की आपल्या मंडळाच्या लोकाईले हे आवडलं तर अहमदाबाद, नाही तर गुपचूप बँकेच्या परीक्षेले बसायचं. मंडळ म्हणजे बूढापारा मोहल्ल्यातलं आपलं मराठी गणेश मंडळ, आणि त्याचे अध्यक्ष बाबाराव. रायपूर राजधानी झाल्यापासून बाबारावांले प्रत्येक गोष्ट राजधानीले शोभंल अशी पाहिजे. मागच्या वर्षी आरतीच्या झांजाही राजधानीले शोभतील अशा आणल्या, कानाचे पडदे गेले. त्यांनी श्रावणीले आनंदानं जागा दिली, गणपतीसमोरची, अख्खी फरशी.

काय सुंदर केलं होतं म्हणून सांगू! छताच्या हुकाले प्रोजेक्टर आणि कॅमेरा टांगला. खाली फरशीवर उजेडाची रांगोळी: मंद पांढरे ठिपके, नुसते ठिपके, आईच्या हातचे असायचे तसे एका ओळीत. त्यावर पाय दिला की पायाखालून रेषा धावणार, ठिपक्याले ठिपका जुळणार आणि कमळ उमलणार. चालत जा, मागं कमळांची वाट. पोट्टीच्या खोलीत मी पाहिलं होतं, अंगावर काटा आला होता.

आता तू मले सांग ताई, मराठी माणूस रांगोळीवर पाय देते का?

पहिल्या दिवशी आरतीले सारं मंडळ आलं. दारात चपला काढल्या, रांगोळी पाहिली, “अय्या, किती छान!” म्हटलं, साड्या सावरल्या आणि सारे एकामागं एक भिंतीले पाठ घासत पलीकडे गेले. ठिपके बिचारे ठिपकेच राहिले. श्रावणी टेबलामागून हात जोडून राहिली, “आंटी, पैर रखिए ना, प्लीज!” मंडळातल्या क्षमाकाकू तिच्यावरच उखडल्या, “काहून? गणपतीपुढची रांगोळी तुडवू का? आईनं शिकवलं नाही का तुले?” आणि वाकून फरशीले बोट लावलं, ते कपाळाले लावलं. बोटाखाली इवलंसं फूल उमललं, तर काकूंनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं! दुसऱ्या दिवशी बाबारावांनी तर कमालच केली. पोट्टीची मेहनत कोणी खराब करू नये म्हणून रांगोळीभोवती स्वतः दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘कृपया रांगोळीवर पाय देऊ नये. हुकुमावरून.’

असेच दिवस जाऊन राहिले. सॉफ्टवेअर बिचारं ‘पाय पडला का, पाय पडला का’ विचारते आणि सारं मंडळ भिंतीनं चालते. खरं सांगू ताई? तुझ्यापाशी काय लपवायचं. मले आतून बरंच वाटून राहिलं होतं. म्हटलं, चला, पोट्टी घरीच राहते. पण चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तिचं तोंड पाहिलं. ओढणीचं टोक दातात धरून पडद्याकडे पाहत बसली होती, रडून नाही राहिली होती, तेच वाईट. म्हटलं, अनंता, बाप आहे का वैरी आहे तू? आणि उठलो.

ताई, मी पुढे झालो. दोरी पार केली आणि भर आरतीत, साऱ्या मंडळादेखत, त्या रांगोळीवर आडवा झालो. साष्टांग! सॉफ्टवेअरले एका पायाची आशा होती, त्याले अख्खा अनंतराव मिळाला. डोक्यापासून टाचेपर्यंत माझ्याभोवती कमळंच कमळं फुटली, पोटापाशी जरा जास्तच. झांजा थांबल्या. आणि मग बाबाराव म्हणाले, “वा! पाय द्यायचा नाही, पण दंडवत चालते ना!” दोरी सोडली, टोपी काढली आणि माझ्या बाजूले तेही आडवे! मग काय विचारता! क्षमाकाकू लोटांगण घालत आल्या, मागून सारी लेकरं गडगडत आली, मीरासुद्धा. फरशी राहिली नाही, कमळांचं तळं झालं. श्रावणी हसत होती, डोळे पुसत होती आणि व्हिडिओ काढत होती. तो रातोरात गेला. अहमदाबादवाल्यांनी कळवलं, की पाहणाऱ्यांनी आपली रीत आपण शोधली हे त्यांले फार आवडलं, आणि पोट्टीची निवड झाली. बापानं हिंमत केली म्हणून झालं, असं मी म्हणत नाही. पण लोकं म्हणतात.

भाऊजींले नमस्कार, परागले आशीर्वाद.

तुझा धाकटा
अनंता

ता. क. तो व्हिडिओ फोनाफोनी फिरून राहिला आहे, परागकडे पोचलाच असंल. छताचा कॅमेरा आधीपासूनच चालू होता, त्यामुळे त्यात तुले दिसंल, की मी दोरी ‘पार’ वगैरे केली नव्हती. मी उठलो होतो पोट्टीले सांगायले, की बाई, मंडळ गेलं खड्ड्यात, तू जा अहमदाबादले. पण तिच्याकडे निघालो तोही भिंतीनंच, सगळ्यांसारखा, हातात तिच्यासाठी मोदकांची प्लेट. बाबारावांच्या दोरीत पाय अडकला. जे आडवं झालं ते साष्टांग नव्हे, पडणं होतं. मोदक कुठं गेले ते व्हिडिओत नीट दिसते. भाऊजींले दाखवू नको.

पुन्हा ता. क. तुझ्यावर माझा राग आहे. लहानपणी तुझ्या रांगोळीवरून धावलो म्हणून तू पाठीत जो धपाटा घातला होता, तो अजून पाठीत आहे. त्यामुळे रांगोळीवर द्यायले माझा पाय उचलत नाही.

शेवटची ता. क. पोट्टी गुरुवारी गेली. जाण्याआधी तिनं ते सारं यंत्र आमच्या दारात बसवून दिलं. रोज दिवेलागणीले उंबऱ्यापुढे ठिपके पडतात. मीरा बाजूनं जाते, मी बाजूनं जातो, कमरेमुळे आडवं होता येत नाही. रात्री फोनवर ती विचारते, “पापा, आज फूल खिला?” मी ‘हाव, खिला’ म्हणतो. ताई, पोट्टीशी खोटं किती दिवस बोलू? दिवाळीले ये, आणि पहिला पाय तू दे. तू दिला की मग मी देईन.