साठ पावलं

एल्को, नेवाडा
१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय बाबा,

आईचा गुडघा आता बरा असेल. माझं ठीक चाललं आहे. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, कागदाची घडी घालून अडकवली आहे.

ऑफिसात सरकारी माळांवरच्या चराईची मोजणी चालू आहे. आपल्या चराईच्या पट्ट्याच्या मोजणीत मी नसते. नोकरी लागली त्याच दिवशी तसं लिहून दिलं होतं. यंदा आमची वरिष्ठ व्हर्ला गेली होती. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "टेम्पी, तुझा बाप गाईंना उपास घडवतो की काय गं? मोजणीच्या खुंटापाशी सहा इंच गवत शिल्लक आहे!" सगळे हसले, मीही हसले. गवत चार इंचांच्या खाली गेलं की गुरं माळावरून उतरवायची, हे तुम्हाला मी काय सांगणार.

फायलीत फोटो लावणं मात्र माझ्याकडे असतं. सर्वांत जुन्या फोटोत खुंटाच्या मागे दुबेळक्याचं जुनिपरचं झाड आहे, ओढ्याला लागून. यंदाच्या फोटोत मागे तांबडा खडक आहे. झाडं चालत नाहीत. हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. आपली शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची, पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आज गणित बाहेर." टेपचं टोक मी धरलं होतं.

"तीन, चार, पाच. झाला काटकोन?"

"झाला."

"मग आता वर चढ. पावलं मोज, मोठ्याने."

साठ झाल्यावर तुम्ही खुंट तिथे ठोकलात. "ऑफिसवाल्यांचा खुंट आपण का हलवला?" मी विचारलं. "गाई ओढ्याकाठीच पडून असतात गं. तिथे मोजलं तर आपली धडगत नाही." संध्याकाळी मी वहीत 'साठ पावलं' लिहिलं आणि आईने बरोबरची खूण केली. ती वही माझ्याकडे आहे.

आज सकाळी मी एकटीच जुनिपरपाशी जाऊन आले. चाळीस ठिकाणी पट्टी लावली. कुठेही दोन इंच भरलं नाही. काठ ढासळला आहे, विलोच्या झुडपाचा एकही कोंब नाही.

गुरं या महिन्यातच उतरवावी लागतील. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी कमी करावी लागतील, कदाचित परवानाही जाईल. आपल्या ऑरिनचं लग्न या कळपाच्या भरवशावर ठरलं आहे, हे मला माहीत आहे. आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, मी व्हर्लाला सांगणार आहे. पण त्याआधी तुम्ही स्वतः येऊन सांगावं असं मला वाटतं. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ऑफिसच्या दाराशी उभी असेन. तुम्ही बोलाल तेव्हा मी शेजारी बसेन, कारण टेप मीही धरला होता. तुम्ही आला नाहीत, तर वही तिच्या टेबलावर ठेवीन.

आईला सांगा, तिची खूण चुकली नव्हती. आज मी ती पावलं पुन्हा मोजली. आता माझ्या मोठ्या पावलांनी चव्वेचाळीसच भरतात.

दाराशी वाट पाहणारी,
टेम्पी