सोळाव्या दिवशी मेलेल्या पेशी

ती. ताईस,

दमलेल्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, खरोखर आडवा झालो तर उठणार नाही). तुझे गुडघे आणि भावजींची कंबर यांत सध्या कोण पुढे आहे ते कळव.

तू विचारलंस, इतकी वर्षं मी करतो तरी काय. ताई, मी बशीत उंदराच्या मेंदूतल्या पेशी वाढवतो. पेशी कोवळी असते तेव्हा तिची वाढीची जनुकं जोरात असतात. ती पोक्त झाली की ही गप्प बसतात आणि शेजारणींशी बोलण्याची जनुकं जागी होतात (आपल्या आत्याची जन्मतःच जागी होती). बंद पडलेलं जनुक कुठे जात नाही, फक्त त्यावर एक रासायनिक खूण बसते. कुठलं कधी बंद पडतं, एवढंच मी शोधतोय. पेशी पोक्त व्हायला एकवीस दिवस लागतात, आणि तोवर त्यांची उठाबस करता करता माझाच जीव मेटाकुटीला येतो. दर तीन दिवसांनी त्यांचा खाद्यद्रव बदलायचा, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी स्वतः सोडलेले पदार्थ असतात, त्यांवर त्या तगतात. सगळा काढला की खेळ खलास.

सोळाव्या दिवशी कोणा महाभागाने सगळा काढला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बशांत नुसता चुरा. पदवीसाठी राहिलेली शेवटची खेप पाण्यात गेली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी (रागावल्या की चष्मा पुसतात) चौकशी केली. संशय प्रयोगशाळेतल्या काकांवर गेला, कारण त्यांना स्वच्छतेचा भारी सोस. बावीस वर्षं ते पेशींच्या खोलीत आहेत. अर्धा द्रव कसा काढायचा ते मला त्यांनीच शिकवलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही खाली बाटल्या धुवा." काका "बरं" म्हणाले आणि अॅप्रन काढून खुंटीला लावून गेले. निष्काळजीपणा किती महागात पडतो बघ. बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांनी पदवीचं विचारलं तर विषय बदल. तुला जमतं ते.

आणखी ता. क. ताई, द्रव मीच काढला. जेवणानंतर डोळे मिटत होते, हात चालत राहिला. चौकशीत सगळे काकांकडे पाहत होते, तसं मीही पाहिलं. फार लाज वाटते. छत्तिसाव्या वर्षी तरी माझं भित्रेपणाचं जनुक बंद पडायला हवं होतं. आज तीनदा बाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पत्र मिळालं की फोन कर, आणि मी दारातून आत जाईपर्यंत ठेवू नकोस.