यंत्रातल्या अक्षता

ती. बाबांना परळहून बकुळाचा साष्टांग नमस्कार.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. धक्क्यापासून हमाली सहा आणे पडली, पण पीठ कोरडं राहिलं. आईचा गुडघा कसा आहे?

ह्यांचं संशोधनाचं यंत्र हरताळामुळे आठवडाभर घरीच होतं. एक तार निकामी झाली की ते आपणहून दुसऱ्या तारेने काम चालू ठेवतं. ह्यांची नोकरी कायम होणं त्यावरच होतं. म्हणून खंडेनवमीला मी गुपचूप झाकण काढून मनोभावे हळदकुंकू वाहिलं, अक्षताही टाकल्या.

सोमवारी प्रयोगशाळेत साहेबांसमोर ह्यांनी बटण दाबलं, तर आत चर्र झालं आणि दिवे गेले. हे घामाघूम! तेवढ्यात यंत्राने टकटक करत दुसरी वाट शोधली नि दिवे लागले. साहेब म्हणाले, "शाबास! बिघाड मुद्दाम केलात ना?" नोकरी कायम झाली, बाबा!

घरी येऊन म्हणतात, "अगं, आत तांदूळ सापडले. उंदीर झालेत."

मी म्हटलं, "झाले असतील."

तेव्हापासून देवापुढे बसवत नाही. ह्यांना खरं सांगून टाकू का? रविवारी हे सापळा आणणार आहेत, सव्वा रुपया फुकट जाईल. त्याआधी उलट टपाली कळवा.

तुमची
बकुळा