लॉक कुणी काढलं?

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील अशी धास्ती आहे, पण माझ्या तीन मेलना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा कागदाशिवाय इलाज उरला नाही. आधी बातमी सांगते. आपण दोघांनी लिहिलेली ती कोडची इवलीशी लायब्ररी आता एका मोठ्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये विलीन होते आहे. डेटाबेसमध्ये नोंदी लिहायच्या आणि वाचायच्या, एवढंच तिचं काम. पण कुठले कुठले लोक ती फुकट वापरतात आणि काही बिघडलं की मला झोडपतात. तू सोडून गेल्यापासून सहा वर्षं मी एकटी हे निस्तरते आहे. आता नाही होत. पॅकेजवाल्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि फसले! तपासणीला त्यांनी जो माणूस दिलाय, त्याला मी मनातल्या मनात मास्तर म्हणते. पहिल्याच दिवशी त्याने एकसष्ट शेरे मारले. फंक्शनची नावं बदला म्हणे. बदलली, तर म्हणे जुनीच बरी होती. ‘अरेरे, टेबलच सापडत नाही’ हा काही बिघडलं की दिसणारा, तू लिहिलेला संदेश त्याला पोरकट वाटला; त्यासाठी मी दोन दिवस भांडले आणि हरले. एका अर्जात संस्थेचं नाव सक्तीचं होतं. ‘नाही’ लिहिलं, अर्ज परत. शेवटी वैतागून, मी जिथे बसून काम करते ते ‘स्वयंपाकघरातलं टेबल’ लिहिलं, तर तो बिनबोभाट मंजूर! तुझे भावोजी रोज विचारतात, लागलं का लग्न एकदाचं? आईचं तर बोलूच नकोस. लायब्ररी मोठ्या ठिकाणी हलवतोय म्हटल्यावर ती म्हणाली, एवढी पुस्तकं उचलणार कोण? तिला समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, धाकट्याला सांगितलंस का?

लायब्ररीचा परवाना, म्हणजे वापराच्या अटी, बदलणार आहे, त्यामुळे लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते, आणि लिहिणारे आपण दोघंच. मास्तर म्हणाला, भाऊ बोलत नसेल तर त्याचा भाग नव्याने लिहून काढा, दोन आठवड्यांचं काम आहे. मी चडफडत तेच करायला बसले. तेवढ्यात त्याचा आणखी एक शेरा आला. दोघांनी एकाच क्षणी एकच नोंद लिहू नये म्हणून इथे पूर्वी साधं लॉक होतं. ते काढून नंतर एवढी किचकट भानगड का केली? मी तावातावाने लिहिलं, लॉक माझ्या भावाने काढलं, त्याला नेहमीच घाई. मास्तरने वाद घातला नाही. बदलांच्या इतिहासातली एक नोंद तेवढी चिकटवली. लॉक तू घातलं होतंस. काढलं मी, वेग वाढावा म्हणून, इतर दहा बदलांच्या रगाड्यात. मग मी तारीख पाहिली. आपली लायब्ररी वापरणाऱ्या त्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या लसींच्या नोंदी एकमेकींवर लिहिल्या जाऊन पुसल्या गेल्या, त्याच्या बरोबर दोन दिवस आधीची. तू तेव्हा किती वेळा म्हणाला होतास, ताई, एकदा इतिहास उघडून बघ तरी. मी बघितलंच नाही.

संमतीसाठी मी चौथी मेल टाकली असती. हे पत्र त्यासाठी नाही. चूक तुझी आहे असं मी तेव्हा लायब्ररीच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं, ते वाचून तुझी ठरत आलेली नोकरी मोडली, तू सायकलदुरुस्तीचं दुकान काढलंस आणि मी लोकांना सांगत राहिले की त्याला हे काम झेपलं नाही. काल त्याच जागी, त्याच लोकांसमोर मी लिहिलं की लॉक मी काढलं, नोंदी माझ्यामुळे गेल्या आणि दोष मी भावाच्या माथी मारला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनाही कळवलं. तू संमती दे किंवा देऊ नकोस. विलीनीकरण अडलं तर अडू दे, तुझी एक ओळही मी पुसणार नाही. सकाळपासून चार कागद फाडले, कारण दरवेळी मास्तरच्या तक्रारींतच कागद भरत होता आणि जे लिहायचं ते राहून जात होतं. माझं चुकलं रे. मला माफ कर.

तुझीच,
ताई