चोराला एक महिना, मला तीन

तीर्थरूप मामांस,

जामिनावर बाहेर असलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. ताईकडची हवा मानवली का? गुडघा कसा आहे? (निकाल लागल्यावर तुम्ही कोर्टाचा जिना ज्या वेगानं उतरलात, त्यावरून उत्तम असावा.)

वकीलसाहेबांनी अपील दाखल केलंय. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगताना माझी पुरती शोभा झाली. मामींनी घरात क्लॅरिनेट बंद केल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी तुम्ही कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाजवता आणि मामींचा फोन आला की मी बिनदिक्कत सांगतो, मामा माझ्याकडेच आहेत, चष्म्याच्या दुकानात, बुद्धिबळ खेळताहेत. (घोडा कसा चालतो हेही मला धड ठाऊक नाही.) मग एका गुरुवारी तिथूनच क्लॅरिनेट चोरीला गेलं. तुम्ही तक्रार दिलीत, पण मला एका शब्दानं कळवलं नाहीत! शहानिशा करायला तपास अधिकारी माझ्याकडे आले. गुरुवारी मामा कुठे होते म्हणाले मात्र, माझी जीभ सवयीनं सुटली ती सुटलीच. वर, मामा क्लॅरिनेटला हातसुद्धा लावत नाहीत, असं ठोकून देऊन मी ऐटीत जबाबावर सही केली. पुढे चोर सापडला आणि तुम्ही वाजवून उठल्यावरच क्लॅरिनेट उचललं, असं त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. त्याला एक महिना, मला तीन.

तुमच्यावर राग नाही. बाबा गेल्यावर हे दुकान तुम्हीच मला उभं करून दिलंत. पण ते तीन महिने बंद राहिलं तर पुन्हा उघडायचं नाही, याची धास्ती वाटते. खोटं निव्वळ सवयीनं बोललं गेलं, एवढाच मुद्दा अपिलात टिकेल, असं वकीलसाहेब म्हणतात, आणि त्याला साक्ष मामींची हवी. तेव्हा मामा, आता त्यांना सगळं सांगून टाका.

तुमचा भाचा

ता. क. सांगायची गरज उरली नाही. वकीलसाहेबच मामींना भेटून आले. अकरा वर्षं दर गुरुवारी त्या लाँड्रीसमोरच्या बाकावर बसून तुमचं वाजवणं ऐकताहेत. घरात सोसत नाही, रस्त्यापलीकडून गोड लागतं, म्हणाल्या. (मला फोन तिथूनच करायच्या. भाचा किती दिवस तग धरतो ते बघायला!) तिसऱ्या ओळीत तुम्ही हमखास चुकता, हेही कळवायला सांगितलंय.

पुन्हा ता. क. खरं काम हे. माझं खोटं तुम्हाला पटायचं का, असं कोर्ट मामींना विचारणार. मामी म्हणतात, "पटायचं म्हणून शपथेवर सांगेन. भाच्यासाठी एवढंही करू नको?" वकीलसाहेब डोकं धरून बसलेत. मामा, मिळेल त्या गाडीनं या आणि त्यांना आवरा. आम्ही दोघंही आत गेलो, तर तुमचं वाजवणं ऐकणार कोण?