पट्टा सुटला होता म्हणे

इंझोरी,
मंगळवार

प्रिय संघदीप,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीनं पडला. पडला तर पडू दे, आता खोडत नाही. हे पत्र आधी जेलचे साहेब वाचतात आणि मग तुला मिळतं, असं दादानं सांगितलंय. वाचू देत. लपवायचं सगळं आपल्या घरात आधीच लपवून झालंय.

आधी घरचं सांगते, कारण तुझा बाप भेटायला येतो तेव्हा 'सगळं बरं हाय' यापलीकडे तोंड उघडत नसणार. माझा भाऊ आहे, मी त्याला तुझ्याआधीपासून ओळखते. रिठदला तुझ्या आईच्या गुडघेदुखीनं पुन्हा उचल खाल्ली आहे, म्हणून शेळ्या विकल्या. विहाराला यंदा रंग दिला; रंग निवडण्यावरून दोन बैठका झाल्या आणि शेवटी पहिलाच होता तो लावला. इकडे माझी अंगणवाडी नव्या खोलीत गेली. आमची पल्लवी वाशिमला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ह्यांनी सोयाबीन सोडून सगळ्या वावरात हळद लावली. सोयाबीन म्हटलं की मळणीला थ्रेशर येतं आणि त्याचा आवाज ह्यांना सहन होत नाही. शेजारच्या वावरात मशीन लागलं की हे गाव सोडून जातात. मी जात नाही. बांधावर उभी राहून ऐकते.

प्रसेनजितला जाऊन हे चौथं वर्ष. त्याला तू मारलंस, हे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. माझ्या पोराला माझ्या भावाच्या पोरानं मारलं. कोर्टात हे एवढं साधं कोणी बोललंच नाही. तिथं एक मयत होता आणि एक आरोपी होता. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी दचकले, कारण ते नाव मी ठेवलेलं. भंतेंनी वंदना घेतली, पण नाव आत्यानंच ठेवायचं, म्हणून मी पाळण्यात वाकून तुझ्या कानात सांगितलं होतं. प्रसेनजित तेव्हा नुकताच चालायला लागला होता आणि पाळण्याची दोरी ओढून मला बोलू देत नव्हता. कोर्टातल्या त्या दिवसापासून मी तुझं नाव घेतलं नाही. आमच्या घरात तू फक्त 'तो' आहेस.

दिवाळीच्या सुट्टीत तू इकडे यायचास तेव्हा तुम्ही दोघं ओसरीवर एका सतरंजीवर झोपायचात. प्रसेनजितच्या उशाशी पाण्याचा तांब्या लागायचा, त्याला तहान फार. तो तांब्या तू झोपेत लाथेनं सांडायचास आणि सकाळी दोघं एकमेकांवर ढकलायचात. खरं कोणी बोलायचं नाही. मी दोघांनाही सतरंजी वाळत घालायला लावायची.

मग मोठे झालात आणि अनसिंगच्या रामसिंगच्या थ्रेशरवर हंगामाला बरोबर जायला लागलात. त्या दुपारी बाकीची माणसं नाल्यापलीकडे जेवायला गेली होती. मशीनपाशी तुम्ही दोघंच. तुझ्या हातात लोखंडी पाना होता आणि तो तू त्याच्या डोक्यात घातलास. एकदाच. रामसिंग परत आला तेव्हा प्रसेनजितचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तुझ्या खिशातली दस्ती जखमेवर बांधलेली होती. तू पळाला नव्हतास. हे सरकारी वकिलानंही सांगितलं. पण तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, मशीनचा पट्टा सुटला अन् त्याले लागला. ते तुला तुझ्या वकिलानं पढवलं होतं, हे कोर्टात बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. डॉक्टर म्हणाले, ही जखम पट्ट्याची नाही. न्यायाधीशांनी तुझं ऐकलं नाही, सात वर्षं दिली. आणि तू तो पट्टा अजून धरून बसला आहेस. त्यामुळे भांडण कशाचं होतं ते गावच ठरवतं. कोणी पोरगी म्हणतं, कोणी मोबाइल. ज्याला जे सुचेल ते मला येऊन सांगतात, वर चहा पिऊन जातात.

मागच्या आठवड्यात ठाण्यातून जमादार आले. तू थोडे दिवस घरी यायच्या सुट्टीसाठी अर्ज केला आहेस म्हणे, त्याची चौकशी. अंगणवाडीच्या बाकड्यावर अवघडून बसले आणि म्हणाले, "ताई, पोराची सुट्टी निघून राह्यली. तुमची हरकत असन त सांगा, आमी तसं लिवून घेतो." मी म्हटलं, सोमवारी या. मग घरात जे सुरू झालं ते काही विचारू नकोस. हे म्हणाले, "त्याले तिथं सुट्टीसाठी ठेवलं काय? आपल्या पोराले कोन सुट्टी देऊन राह्यलं?" पल्लवी फोनवर माझ्याशी भांडली. "आई, जेल कायले असते? मानूस घाबरला पाह्यजे म्हनून. हा घरी येऊन मटन खाऊन गेला त कोन घाबरन?" त्याच संध्याकाळी दादाचा फोन. "भागिरथे, पोरगं लय सुधरलं. सुतारकाम शिकलं, बारावीले बसून राह्यलं. साहेब लोक तारीफ करतात." मी फोन ठेवला आणि चुलीपुढे बसून रडले. तू बारावी करतोस याचा मला राग आला, संघदीप. फार राग आला. माझा आता कसलीच परीक्षा देणार नाही.

पण राग ओसरल्यावर मी जरा डोकं लावलं. माझ्या अंगणवाडीत एकानं दुसऱ्याला चावलं की मी चावणाऱ्याला कोपऱ्यात बसवते. इतकी वर्षं बघते आहे, कोपऱ्यात बसलेलं लेकरू चावल्याचा विचार करत नाही. ते भिंतीचा पोपडा उकरतं आणि बाई कधी बोलावते याची वाट बघतं. म्हणून मी जवळ जाऊन विचारते, काय केलं तू? 'त्यानं आधी ओढलं' हे चालत नाही. 'मी चावलो' एवढं तोंडातून निघालं की उठवते. कधी लगेच निघतं, कधी खिचडी होईपर्यंत निघत नाही. ह्यांना वाटतं तू तिथं सडावंस. पल्लवीला वाटतं तुला बघून बाकीच्यांनी घाबरावं. दादाला वाटतं तू खुर्च्या करायला शिकलास म्हणजे झालं. मी कोणालाच चूक म्हणत नाही, पण तू तो पट्टा घेऊन आत गेलास आणि पट्टा घेऊनच बाहेर आलास, तर ती सात वर्षं नुसता कोपराच. तुझ्याही कामाची नाहीत आणि माझ्याही नाहीत.

काल जमादार आले. माझी हरकत नाही असं मी सांगितलं आणि सही केली. हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, पल्लवी फोन उचलत नाही. होईल हळूहळू, नाही झालं तर नाही. सही काल केली आणि पत्र आज लिहिते आहे, ते मुद्दाम. उलटं केलं असतं तर तुला वाटलं असतं की आत्या सौदा करते आहे, आणि सुट्टीपायी तू मला बरं वाटेल असं काहीतरी लिहिलं असतंस. आता माझ्या हातात काही उरलं नाही. तुमचं अपील नाही, तेव्हा खरं लिहिल्यानं शिक्षा वाढत नाही, हे मी वाशिमला एका वकिलाला विचारून घेतलं आहे. माफी मागू नकोस, ती द्यायची की नाही ते मला अजून माहीत नाही. फक्त भांडण कशाचं होतं ते लिही. कारण अगदी फालतू असलं तरी लिही. आणि रामसिंग येईपर्यंत त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तेवढा वेळ माझ्या पोराजवळ तू होतास, मी नव्हते. तो काही बोलला का? त्यानं पाणी मागितलं असणार. तू दिलंस का?

तुझीच,
भागिरथा आत्या